लंगडोबाची नडगी

प्रिय राणीसरकार,

पत्र बघून आधी पोटभर हसून घे. दोघी एकाच शहरात, एकाच कपाटाच्या किल्ल्या दोघींच्या पर्समध्ये, आणि ही बया पत्र काय लिहिते! पण फोनवर लिहिलं असतं तर तू अर्ध्यातच डोळा मारणारं एखादं चित्र पाठवून विषय मिटवला असतास. समोर येऊन बोलावं म्हटलं, तर तू बोलायला लागलीस की मला माझंच म्हणणं खोटं वाटू लागतं, हे तुलाही पुरतं ठाऊक आहे. शिवाय गेले कित्येक दिवस तू फोनच घेत नाहीयेस. भाषणाची तयारी चालू आहे, घरी पाहुणे आलेत, घसा बसलाय, अशी कारणं तुझ्या भावानं सांगितली. सांगताना बिचारा इतका अडखळत होता की मलाच त्याची कीव आली. तुमच्या घरात खोटं बोलायची कला सगळी तुझ्याच वाट्याला आलेली दिसते. हे वाक्य खोडणार होते, पण राहू दे. पुढे कळेल.

सोमवारी सकाळी मॅडम संग्रहालयाच्या तळघरातल्या आपल्या प्रयोगशाळेत येणार आहेत. लंगडोबाच्या नडगीचा साचा घ्यायचा आहे आणि त्या वेळी तू हजर हवीस, हे त्यांनी तुला कळवलंच असेल. तुला वाटत असेल, जायचं, रबर ओततानाचे फोटो काढायचे, चहा प्यायचा आणि यायचं. तसं होणार नाही. साच्याआधी मी त्यांच्यासमोर त्या हाडावरची जुनी लाख उतरवणार आहे. सगळी. गाठीवरचीसुद्धा. त्या गाठीवर तुझा प्रबंध उभा आहे, नव्या दालनातला मधला देखावा उभा आहे, पुढच्या महिन्यातलं तुझं परदेशातलं भाषण उभं आहे. म्हणून लाख का उतरवावी लागतेय, हे तुला माझ्याकडून आधी कळायला हवं. एका ओळीत सांगता आलं असतं तर सांगून मोकळी झाले असते. जमत नाहीये. चार वेळा कागद फाडलाय. तेव्हा माझी गाडी आडवाटेनं गेली तर चालवून घे.

आपण होस्टेलवर होतो ते वर्ष आठवतंय? खोदकामाच्या जागी मी मुरमावरून घसरले आणि घोट्याच्या वर पाय मोडून घेतला. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, खानावळ अंगणापलीकडे. पायाला प्लास्टर होतं तोवर तू दोन्ही वेळा माझं ताट झाकून वर आणलंस. वाटीतलं निम्मं जिन्यातच सांडायचं आणि तू धापा टाकत म्हणायचीस, पायऱ्यांनाही भूक लागते गं. माझ्या घरी काही कळू द्यायचं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पाय मोडल्याचं कळलं असतं तर बाबा ‘पुरे झाले दगडधोंडे’ म्हणत पहिल्या गाडीनं न्यायला आले असते आणि मी परत आले नसते. आईचा फोन आला की तूच घ्यायचीस. काकू, ती लायब्ररीत आहे, पुस्तकातून डोकंच वर काढत नाही, तुम्हीच दोन शब्द सुनवा तिला. आई खूश. तुझ्या त्या थापांमुळे मी पदवीधर झाले, हे मी विसरलेले नाही. पुढचं लिहिताना तर मुळीच विसरलेले नाही.

नंतर तू संशोधनाला लागलीस आणि मी हाडं साफ करायला. दगडातून हाड सोडवायचं ते मी, त्याचा अर्थ लावायचा तो तू. हवेच्या दाबावर चालणारी माझी कोरायची लेखणी दगडावर टरटर करायला लागली की तू कानात कापूस घालायचीस. सुतारपक्षीण हे नाव तूच ठेवलंस. आणि मग एके दिवशी भांडारातला तो अडकलेला खण तू गुडघा लावून उघडलास. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक नडगी. दोन पायांवर चालणारा, आपल्या कमरेइतका उंच, मांस खाणारा डायनासोर, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. आणि नडगीच्या मध्यावर बटाट्याएवढी गाठ! मोडलेलं हाड जिवंतपणी आपोआप सांधलं की अशी गाठ येते, हे दोघींनीही फक्त पुस्तकात वाचलं होतं. तू ते हाड माझ्या पायाशेजारी धरून ओरडलीस, अगं, हा तर तुझा सख्खा भाऊ! तिथल्या तिथे त्याचं बारसं झालं, लंगडोबा. मग गाठीवरून बोट फिरवत म्हणालीस, नडगी पार मोडलेली, शिकार करणं शक्य नाही, तरी हाड सांधेपर्यंत हा जगला. म्हणजे याला कुणीतरी खायला आणून घातलं.

मॅडमनी पहिल्याच बैठकीत तुला झोडपलं होतं. मगरींचेही पाय मोडतात आणि सांधतात, म्हणाल्या, त्यांना कुणी डबा पोचवत नाही. सगळे हसले. तू नाही हसलीस. मगर चार पायांची, पाण्यात पडून राहिली तरी तिचं भागतं; हा दोन पायांचा गडी, एक मोडला की आडवा. आणि गाठ तरी बघा केवढी, म्हणजे किती काळ पडून असेल. तू एवढं बोललीस आणि हसणारे पुढे सरकून गाठ बघायला लागले. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मला तर रडू आवरत नव्हतं. या कामात तू का पडलीस, असं मला कुणी विचारलं की मी त्या बैठकीचीच गोष्ट सांगते. सांगत होते.

घरी सांगितली तर आईनं ती गोष्ट उचललीच. आमच्या आळीत लंगडोबा माहीत नाही असं पोर उरलेलं नाही. तिचं आणि धाकट्या मावशीचं बोलणं बंद होऊन जमाना झाला होता. कारण काय, ते आता दोघींनाही धड सांगता येत नाही. मावशीच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आईनं मुकाट्यानं डबा भरला. मी बघत राहिले तर माझ्यावरच डाफरली, बघतेस काय, तुझं ते जनावर करतं, मग मला काय धाड भरलीये? आता रोज सकाळी फोनवर दोघींचं भांडण चालू असतं, म्हणजे सगळं सुरळीत आहे.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण आता लिहिणार आहे ते कोण लिहितंय, हे तुझ्या लक्षात राहावं. तुझी वैरीण लिहीत नाहीये.

साचा घ्यायच्या आधी मी प्रत्येक हाड जांभळ्या दिव्याखाली बघते. तू हसायचीस, दिवा लावून बसलेली मी भुतं उतरवणारी दिसते म्हणायचीस. कारण साधं आहे. रबर सुकल्यावर ओढून काढताना जुनी डागडुजी त्याच्याबरोबर उखडून येते, म्हणून कुठे काय लावलंय ते आधी कळायला हवं. त्या दिव्यात प्रत्येक गोष्ट आपापल्या रंगात उजळते. जुनी लाख केशरी दिसते, आपला हल्लीचा बाटलीतला गोंद निळसर पांढरा. मी दार लावलं, खिडकीवर पडदा ओढला, लंगडोबाला वाळूच्या तबकात ठेवलं. नडगी वरपासून खालपर्यंत केशरी झाली. त्यात नवल नव्हतं, जुन्या काळी सरसकट लाख फासायचे. मग मी हाड उलटं केलं. गाठीच्या खालच्या अंगाला, एरवी वाळूत टेकते त्या बाजूला, नखाएवढा एक निळसर पांढरा ठिपका होता. साध्या उजेडात पाहिलं तर काही नाही, तपकिरी हाड. पुन्हा जांभळा दिवा, पुन्हा ठिपका. तो गोंद आपल्याकडे आला गेल्या वर्षी. म्हणजे जुन्या लाखेवर कुणीतरी अगदी अलीकडे काहीतरी लावलं होतं.

माझ्या मनात पहिल्यांदा चांगलंच आलं, विश्वास ठेव. टवका उडाला असेल, तू चिकटवला असशील, सांगायची विसरली असशील. विसरण्यात तुझा हात कोण धरणार? नीट चिकटलाय ना एवढंच बघू म्हणून मी कापसाच्या काडीला ॲसिटोन लावून तो ठिपका पुसला. गोंद विरघळला आणि काडीवर तपकिरी रंग उतरला. खाली टवका नव्हता. भोक होतं. गोल, सरळ, आपल्याच बारीक सुईनं पाडलेलं. मायक्रोस्कोपखाली धरलं. भोकाच्या कडा पांढऱ्या होत्या. लंगडोबाचं हाड आतून काळपट लाल आहे, लोखंड मुरलेलं, त्याच्या मोडक्या टोकाला ते स्पष्ट दिसतं. ही पांढरी भुकटी प्लास्टरची होती. आणि भोकाच्या तळाशी काहीतरी चकाकलं. मी डोळे चोळले, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. तांब्याची तार होती.

राणी, हाडात तार नसते गं.

मी स्टुलावर बसून राहिले. पडदा बाजूला केला तर वरच्या रस्त्यावरून नेहमीसारखे लोकांचे नुसते पाय जात होते, काँप्रेसर धापा टाकत होता, आणि मला सगळं एकेक करून कळत गेलं. ते हाड त्या प्राण्याच्या हयातीत कधी मोडलंच नव्हतं. मोडलं ते आपल्या जन्माआधी कधीतरी, खोदून आणताना किंवा भांडारात उतरवताना. कुणा जुन्या दुरुस्तीवाल्यानं दोन तुकडे तारेनं बांधले, मजबुतीसाठी वर प्लास्टरचा जाड लपेटा दिला, हाडाच्या रंगात रंगवला आणि लाख मारली. त्यात त्याचं कपट नव्हतं. त्या काळची रीतच ती, सांधा दिसला तर कारागीर कच्चा. आमचे बाबा फर्निचर पॉलिश करतात, त्यांची अजून तीच रीत आहे. खुर्चीचा मोडका पाय असा जोडतात की जिची खुर्ची तिलाही सापडू नये, आणि मग दिवसभर खुशीत शीळ घालत हिंडतात. खुर्चीला ते शोभतं, तिच्यावर फक्त बसायचं असतं. आपल्याला मात्र उलटं शिकवलं. लांबून एकसंध दिसू दे, पण जवळ गेल्यावर हाड कुठलं आणि भर कुठली, हे कुणालाही ओळखता आलं पाहिजे; म्हणून भर नेहमी एक छटा फिकट. मॅडमनी मला पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा ते इतकं आवडलं होतं की घरी जाऊन बाबांशी कडाकडा भांडले होते.

तो दुरुस्तीवाला आपल्या रीतीनं वागला. मॅडम फसल्या, तू फसलीस, मी फसले. माझ्याच हातांनी ती गाठ कितीदा पुसली असेल. फसण्यात लाज नाही. इथवर मला नुसतं वाईट वाटत होतं, एखादं माणूस गेल्यासारखं. पण ते भोक! ज्यानं कुणी ते पाडलं त्याची सुई तारेवर अडली असणार. अडली म्हणजे त्याला कळलं. कळल्यावर त्यानं रंग कालवला, एक छटाही फिकट न ठेवता, आणि भोक बुजवलं. गोंद मात्र हाताशी होता तोच वापरला, कारण साध्या उजेडात तो दिसत नाही. जांभळा दिवा लावणारी आपल्याकडे मी एकटी. तुझा त्याच्याशी कधी संबंध आला नाही.

दुसरं कुणी असेल का, म्हणून मी डोक्याचा भुगा केला. फोटोग्राफर? त्याला कपाट कोण उघडून देणार? मॅडम? त्यांना भोक पाडायचं असतं तर सगळ्यांना गोळा करून पाडलं असतं, आणि वर आधी का नाही पाडलं म्हणून मलाच ओरडल्या असत्या. मीच झोपेत चालत जाऊन पाडलं की काय, इथपर्यंत मजल गेली. मग एकेक आठवायला लागलं. साफ करताना माझी सुई गाठीजवळ गेली तेव्हा तू माझं मनगट धरलंस, सुतारपक्षिणी, इथे चोच मारायची नाही हं, मोजमापं व्हायचीत. म्हणालीस हसत, पण मनगटावर तुझी बोटं उमटली होती. मॅडम म्हणाल्या, गाठीची एक चकती कापून आतली वाढ बघू. तू म्हणालीस, जगात असं हे एकच आहे, त्याला करवत लावायची? मलाही पटलं. तू हाड स्कॅनला घेऊन गेलीस आणि हात हलवत परत आलीस, हाडात लोखंड फार आहे, चित्र धूसर आलंय. तेही पटलं. साच्यासाठी मी ती धूसर चित्रं तरी दे म्हटलं, तर नेमका तुझा कॉम्प्युटर बंद पडला. त्या दिवसापासून तू फोन घेत नाहीयेस. स्कॅनमध्ये तार धूसर येत नाही गं. तिच्याइतकं लख्ख त्यात दुसरं काही येत नाही.

आधी तू नुसती जपत असशील; तुला कळलं ते, मला वाटतं, स्कॅनच्या वेळीच. चित्रात ती रेघ दिसली असेल, तुझा विश्वास बसला नसेल, आणि खात्री करायला तू सुई घेतली असशील. तोवर प्रबंध लिहून झाला होता. देखाव्यातले दोन्ही डायनासोर मूर्तिकारानं मातीत उभे केले होते, एक आडवा पडलेला आणि दुसरा तोंडात घास घेऊन आलेला. तुझे बाबा ओपीडीतल्या पेशंटलासुद्धा लंगडोबाची गोष्ट सांगत सुटले होते. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं? हे स्वतःला खूप विचारलं. छातीवर हात ठेवून सांगते, मला माहीत नाही. पण तू ती सुई धरून एकटीच बसली असशील आणि पलीकडच्या टेबलावर मी आपली टरटर करत असेन, हे डोळ्यांसमोर आलं की मी यंत्र बंद करून बसते. माझं यंत्र बंद करून एकदा हाक मारायची होतीस. का नाही मारलीस? मी उपदेश करीन म्हणून? मॅडमकडे धावत जाईन म्हणून? गेलेही असते कदाचित. पण तुला बरोबर घेऊन गेले असते.

खोटं कशाला बोलू, मी गप्प बसायचाही विचार केला. काल बसमध्ये बसले आणि मनाला म्हटलं, बिघडलं काय? या खोट्या गाठीपायी दोन सख्ख्या बहिणी बोलायला लागल्या. दालनात पोरं येतील, एक जनावर दुसऱ्याला भरवतंय असं बघतील, घरी जाऊन धाकट्याला अर्धा खाऊ देतील. कुणाचं वाईट होतंय त्यात? माझा थांबा मागे गेला तरी कळलं नाही. उतरून उलटं चालत येताना वाटलं, मावशीकडे डबा आई घेऊन गेली, लंगडोबा नाही. आईला तेवढं निमित्त हवं होतं; लंगडोबा नसता तर तिनं दुसरं काहीतरी शोधलं असतं. माणसानं माणसाला भरवायला डायनासोरचा दाखला लागत नाही. पण आपण तो दाखला म्हणून काचेत ठेवतोय, तर तो खरा असायला हवा ना? उद्या आपल्यासारखीच कुणी मुलगी, तिच्या घरातली पहिली, तुझा प्रबंध उशाशी घेऊन पुढचं काम करायला बसेल. असा दुसरा लंगडोबा शोधत खाणी पालथ्या घालील. तिची उमेदीची वर्षं या प्लास्टरमागे जातील आणि शेवटी तिला वाटेल की आपल्यालाच काही येत नाही. मी तिला ओळखत नाही, पण घरी पोचेपर्यंत तीच माझ्याबरोबर चालत होती.

मॅडमना मी अजून एवढंच सांगितलंय की लाख जुनी आहे, रबराला चिकटेल, उतरवावी लागेल. ते खरंच आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, उतरव, पण माझ्यासमोर. त्यांना वास लागलाय की काय कोण जाणे. भोक मी उघडंच ठेवलंय. हाड वाळूच्या तबकात, तबक कपाटात, आणि कपाटाची एक किल्ली तुझ्याकडे. आज शनिवार. हे पत्र मी दुपारी स्वतः येऊन तुमच्या दारातल्या पेटीत टाकणार आहे, वर येणार नाही. उद्या रविवार, तळघरात कुणी नसतं. एखादं हाड हातातून सुटायला कितीसा वेळ लागतो? हा विचार माझ्या मनात आला, राणी. तुझ्याबद्दल असा विचार माझ्या मनात यावा, याची मला इतकी शरम वाटली की मी उठून तोंड धुऊन आले. तरीही कुलूप बदलून घ्यायला मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं, ते. लाख उतरली की तार सगळ्यांना दिसेल, त्याला तुझा किंवा माझा इलाज नाही. नुसती तार दिसली तर तू सुटशील. जुन्या दुरुस्तीनं पोरीला फसवलं, म्हणतील, हळहळतील, दुसरा विषय देतील. पण मॅडमची नजर त्या भोकावर जाणार, आणि हे कुणी पाडलं असं त्या मला विचारणार. मी त्यांना ठिपक्याचं सांगेन, गोंदाचं सांगेन, किल्ल्या दोन आहेत हेही सांगेन. तुझ्यासाठी मी काहीही करीन असं मला आजवर वाटत होतं. एवढं एक मला करता येणार नाही. म्हणून त्यांनी मला विचारायच्या आधी तू त्यांना सांग. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवायच्या आधी, तुझ्या तोंडानं, स्कॅनपासून सगळं. प्रबंध जाईल. भाषण जाईल. तू या कामात राहशील की नाही ते मी सांगू शकत नाही, मॅडमचा राग मी पाहिलेला आहे. पण ते निदान तू सांगितलेलं असेल, पकडलं गेलेलं नसेल. सोमवारी दार उघडायच्या आधी मी समोरच्या शिंप्याच्या दुकानाशी उभी असेन. आलीस तर दोघी आत जाऊ, आणि तू बोलत असताना मी तुझ्या शेजारून हलणार नाही, त्या काहीही बोलल्या तरी. नाही आलीस तर मी एकटी आत जाईन आणि लाख उतरवायला घेईन.

सोमवारीही, आणि मंगळवारीही, तुझीच,
सुतारपक्षीण